दोन हातांचें एक लिखाण

पेण तालुक्यांतील वरसई हें गांव लहान असलें तरी मराठी ग्रंथांच्या इतिहासांत त्याला दोन कारणांनीं स्थान मिळालें आहे. विष्णुभट गोडसे हे तेथील भिक्षुक. द्रव्यार्जनाच्या हेतूनें १८५७ सालीं ते आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेकडे गेले, बंडाच्या धामधुमींत सांपडले, झांशीला वेढा पडला तेव्हां शहरांतच होते, आणि पुढें हालअपेष्टा सोसून घरीं परतले. त्यानंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं, १८८३ च्या सुमारास, कल्याणचे चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनीं ही सर्व हकीकत लिहून काढली. तीच 'माझा प्रवास'. वैद्यांनीं हें पुस्तक १९०७ सालीं छापलें. परंतु छापतांना त्यांनीं भटजींची भाषा सुधारली, मांडणी बदलली आणि कांहीं मजकूर गाळला. मूळ बाड पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत राहिलें व तेथून तें दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केलें. मधल्या जवळजवळ साठ वर्षांत महाराष्ट्रानें गोडसे भटजी म्हणून जे वाचले, ते पुष्कळ अंशीं वैद्य होते. मूळ बाड छापून येण्यापूर्वींच अमृतलाल नागर यांनीं हें पुस्तक हिंदींत उतरविलें, तेव्हां वैद्यांच्या हातचे फेरफारही उत्तर हिंदुस्थानांत जाऊन पोंचले.

तें बाड ज्या मंडळानें जपलें, तें १९१० सालीं स्थापन करणारे विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा जन्मही वरसईचाच. हा योगायोग खरा. पण त्याच्या आड एक गंभीर प्रश्न आहे. एकाच लिखाणावर दोन माणसांचे हात पडले तर शेवटीं राहील तें कोणाचें? आणि दुसऱ्याच्या श्रमांचें काय होतें? वैद्य आणि भटजी यांच्यामधील हा प्रश्न आतां संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढें दररोज उभा राहतो. त्यांच्या व्यवसायांत त्याला 'मर्ज कॉन्फ्लिक्ट' म्हणतात. दोन प्रतींचा मेळ घालतांना उद्भवणारा विरोध, असा त्याचा अर्थ.

प्रोग्राम म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञांचें लिखाण. तें ओळीओळीनें लिहिलेलें असतें आणि मोठें काम असेल तर शेंकडों माणसें एकाच वेळीं त्यांत भर घालीत असतात. पोथींतील एखादें अक्षर चुकलें तर वाचणारा संदर्भानें सावरून घेतो. संगणक तसें सावरून घेत नाहीं. यामुळें कोणी, केव्हां, कोणती ओळ बदलली याची दप्तरी नोंद ठेवणें अगदीं आरंभापासून आवश्यक झालें. अशी नोंद ठेवणारा पहिला मोठा प्रोग्राम अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं १९७२ सालीं तयार केला. त्याचें नांव 'सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम'. पुढें १९८२ मध्यें पर्ड्यू विद्यापीठाच्या वॉल्टर टिची यांनीं 'रिव्हिजन कंट्रोल सिस्टिम' रचली. या दोन्ही व्यवस्थांचा रिवाज एकच : ज्याला एखादें प्रकरण दुरुस्त करावयाचें असेल त्यानें आधीं त्याला कुलूप घालावें, काम संपलें कीं कुलूप काढावें, आणि तोंपर्यंत इतरांनीं थांबावें.

हा रिवाज रोह्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाहीं. आपट्याहून पेणवरून रोह्यापर्यंतचा लोहमार्ग १९८६ सालीं सुरू झाला. रोह्याहून पुढें कोकण रेल्वे लागते, ती १९९८ सालीं सबंध खुली झाली. तो मार्ग एकेरी. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधील टप्प्यांत एका वेळीं एकच गाडी असावयाची. समोरून येणारी गाडी आल्याखेरीज दुसरीनें स्थानक सोडावयाचें नाहीं. आपल्या देशांतील जुन्या एकेरी मार्गांवर चालकाच्या हातीं टोकनचा गोळा आल्यावांचून गाडी हलत नसे. गोळा एकाच्या हातीं, म्हणजे दुसऱ्याला मज्जाव. प्रोग्रामाला घातलेलें कुलूप तें हेंच. त्यानें टक्कर होत नाहीं ही गोष्ट निर्विवाद आहे, पण खोळंबा मात्र होतो. एखादा गृहस्थ प्रकरणाला कुलूप घालून रजेवर गेला कीं बाकीचे हात जोडून बसले. टिची यांना याची कल्पना होती. म्हणून दुसऱ्याचें कुलूप तोडण्याची सोय त्यांनीं ठेविली, पण तोडतांच मूळ धन्याला तसें पत्र आपोआप जाईल अशी तजवीजही केली. हा शिष्टाचार पाहण्यासारखा आहे.

लोहमार्गाचा प्रश्न रूळ वाढवून सुटतो. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ च्या ऑगस्टमध्यें दुहेरी झाला, आणि त्या टप्प्यांत समोरच्या गाडीची वाट पाहणें संपलें. लिखाणाचें तसें नाहीं. दोन माणसांना दोन प्रती देऊन मोकळें सोडतां येईल. परंतु शेवटीं त्या दोन प्रतींचा एकच ग्रंथ व्हावयाचा असतो. तो कसा करावा याचा व्यवहारी मार्ग निघाला तो हॉलंडांत. अॅमस्टरडॅमच्या मुक्त विद्यापीठांतील डिक ग्रून हे अध्यापक आपल्या दोन विद्यार्थ्यांसह एका मोठ्या प्रोग्रामावर काम करीत होते. एक विद्यार्थी कचेरीच्या वेळा पाळणारा, दुसऱ्याच्या कामाला वेळेचा नियम नाहीं, आणि ग्रून यांना स्वतःला सवड मिळे ती संध्याकाळीं. अशा तिघांत कुलपाची पद्धत कशी चालावी? तेव्हां ग्रून यांनीं कुलूपच काढून टाकलें. प्रत्येकानें आपापल्या प्रतीवर हवें तेव्हां काम करावें आणि मागाहून यंत्रानें मेळ घालावा, अशी व्यवस्था त्यांनीं केली व १९८६ मध्यें ती सर्वांसाठीं खुली केली. ती 'सीव्हीएस' या नांवानें जगभर पसरली. ज्याला त्या काळीं अनेकांनीं अविचार म्हटलें असतें, तोच पुढें धोपट मार्ग ठरला.

यंत्राला हा मेळ घालतां येतो तो कसा, हें थोडें सविस्तर पाहिलें पाहिजे. त्याचें पहिलें साधन 'डिफ'. डग्लस मॅकिलरॉय यांनीं तें बेल प्रयोगशाळेंत तयार केलें. १९७४ पासून तें युनिक्सबरोबर मिळूं लागलें आणि त्याची रीत सांगणारें टिपण मॅकिलरॉय व जेम्स हंट यांनीं १९७६ सालीं लिहिलें. दोन मजकूर समोर ठेवले कीं दोहोंत समान व त्याच क्रमानें येणाऱ्या ओळींची लांबांत लांब मालिका डिफ शोधून काढतें. त्या मालिकेबाहेर जें उरलें तो फरक. परंतु दोन प्रतींतला फरक कळल्यानें, बदल कोणीं केला हें कळत नाहीं. एका प्रतींत ओळ आहे, दुसरींत नाहीं. मग ती एकानें घातली कीं दुसऱ्यानें गाळली? यासाठीं तिसरी प्रत लागते. ज्या मुळावरून दोघांनीं आपापलें काम सुरू केलें, ती मूळ प्रत.

समजा, घरांत लग्न आहे. निमंत्रितांची यादी वडिलांनीं केली आणि ती कपाटांत ठेविली. तिची एक नक्कल पेणच्या मुलाकडे गेली, दुसरी रोह्याच्या मुलाकडे. आठ दिवसांनीं दोन्ही नकला परत आल्या. पेणच्या मुलानें तीन नवीं नांवें घातलीं आहेत व रोह्याकडून त्या जागेला हात लागलेला नाहीं, तर तीं नांवें निमूटपणें घ्यावीं. एखादें चुकलेलें आडनांव दोघांनींही एकसारखेंच दुरुस्त केलें असेल, तरीही वाद नाहीं. आतां अडचण पाहा. मूळ यादींत 'काका, चार माणसें' अशी ओळ होती. पेणच्या मुलानें तेथें चाराचे सहा केले. रोह्याच्या मुलानें ती ओळच काढून टाकली, कारण काकांना पत्रिका न धाडतां समक्ष जाऊन बोलवावें असें त्याच्या मनांत होतें. येथें यंत्र थांबतें, आणि थांबतें हेंच त्याचें शहाणपण. तें दोन्ही मजकूर त्याच जागीं एकाखालीं एक मांडतें. वर बाणाच्या फळासारखीं सात चिन्हें, मध्यें बरोबरीचीं सात चिन्हें, खालीं उलट्या बाणाचीं सात चिन्हें काढतें, आणि निर्णय माणसावर सोपवितें. 'सहा माणसें' ही ओळ ठेवली तर काकांना नुसती पत्रिका जाईल, 'काढून टाकली' हें खरें धरलें तर सहा पानें कमी पडतील. योग्य उत्तर दोहोंपैकीं एकाही प्रतींत लिहिलेलें नाहीं. तें दोघां भावांच्या मनांत आहे. समक्ष बोलवावयाचें आणि पानें सहा धरावयाचीं.

नवशिक्या लेखकांकडून येथेंच प्रमाद घडतो. चिन्हें दिसलीं कीं घाबरून ते एक बाजू संपूर्ण पुसतात, आणि बहुधा दुसऱ्याची पुसतात. तशी एका झटक्यांत एक बाजू घेण्याची सोय यंत्रांत आहे, पण सोय आहे म्हणून ती वापरावी असें नाहीं. दुसरे कांहीं जण भिडस्तपणें दोन्ही मजकूर ठेवून देतात. या दुसऱ्या चुकीचा इतिहास आपल्याकडे फार मोठा आहे आणि तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत उघड झाला.

या संस्थेनें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक झाले. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम् अशा नाना लिप्यांतील पोथ्या जमविण्यांत आल्या. एकट्या आदिपर्वाच्या सुमारें ६० पोथ्या संपादनासाठीं वापरल्या, आणि सबंध कार्यांत पाहिलेल्या हस्तलिखितांची संख्या १२५९ वर गेली. कामाची रीत अशी : आंखलेल्या कागदावर माथ्याशीं श्लोक अक्षरशः लिहावयाचा, आणि त्याखालीं एकेका पोथीसाठीं एकेक ओळ, ज्या अक्षराशीं ती पोथी निराळी पडते त्याच अक्षराखालच्या घरांत तिचा पाठ भरावयाचा. डिफ जें काम निमिषांत करतें, तें पुण्याच्या पंडितांनीं लेखणीनें वर्षानुवर्षें केलें.

परंतु त्यांची अडचण संगणकवाल्यांहून कठीण होती. त्यांच्या कपाटांत वडिलांची यादी नव्हती. मूळ प्रत काळाच्या उदरांत गेलेली. ती नकलांवरूनच अनुमानानें शोधावयाची. म्हणून सुकथनकरांनीं परस्परांपासून दूर असलेल्या पोथ्यांच्या एकमताला मोठें वजन दिलें. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळांतील मल्याळम् पोथी यांनीं एकमेकींवरून नक्कल करण्याचा संभव थोडा. त्या जेथें एकच पाठ देतात, तेथें तो पाठ दोघींच्याही पूर्वजाचा असावा. उलट, ग्रंथ फुगला कसा हेंही त्यांना दिसलें. दोन पोथ्यांत एकाच प्रसंगाचे दोन पाठ आढळले कीं नकलाकार कोणाचाच अव्हेर करीत नसे. दोन्ही एकापुढें एक उतरून घेई. सतराव्या शतकांत काशीस राहून महाभारतावर टीका लिहिणारे नीलकंठ चतुर्धर हे मूळचे गोदाकांठच्या कोपरगांवचे. त्यांनीं निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमवून त्यांतील उत्तम वाटले ते पाठ निवडले. त्यांची विद्वत्ता थोर होती आणि त्यांचीच प्रत पुढें घरोघर वाचली गेली. पण अशा प्रतींत कोणता पाठ कोठून आला हें सांगण्यास कांहीं साधन उरत नाहीं.

सुकथनकरांच्या आवृत्तींत तें साधन पानोपानीं आहे. स्वीकारलेला पाठ वर, नाकारलेले सर्व पाठ पोथींच्या खुणांसह खालीं. जेथें निर्णय डळमळीत होता त्या शब्दांखालीं नागमोडी रेघ ओढलेली. व्यास सांगतात व गणपति लिहून घेतो, हा आबालवृद्धांना ठाऊक असलेला प्रसंग संहितेंत टिकला नाहीं. प्रमाणभूत पोथ्यांचा त्याला पाठिंबा मिळेना. गणेशमूर्तींनीं प्रसिद्ध झालेल्या पेणसारख्या शहरांत हें वाचून कोणाला वाईट वाटेल. पण तो प्रसंग नष्ट केलेला नाहीं. आदिपर्वाच्या परिशिष्टांत तो जसाच्या तसा छापला आहे, आणि संपादकाशीं ज्याला भांडावयाचें असेल त्याला भांडणाचें सर्व साहित्य संपादकानेंच दिलें आहे. सुकथनकर १९४३ मध्यें वारले. सबंध आवृत्ति पुरी झाली ती १९६६ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं गोडसे भटजींचें मूळ बाड छापून आलें त्याच वर्षीं.

मराठींत हा विचार त्याहून जुना आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें नेवाशास पुरी झाली, आणि तीनशें वर्षांच्या आंतच तिच्या प्रतींत इतके पाठभेद शिरले कीं एकनाथांनीं शके १५०६ मध्यें तिची शुद्ध प्रत सिद्ध केली व पुढें कोणी तींत आपली ओवी मिसळूं नये अशी ताकीद दिली. वारकऱ्यांनीं तीच प्रत शिरोधार्य मानली. राजवाड्यांना एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्या पूर्वींची असें ठरवून त्यांनीं ती १९०९ सालीं छापली, तेव्हां मोठा वाद माजला. राजवाडे स्वभावानें तीव्र आणि वाद त्यांना प्रियच असे. तरी त्या वादाचें मूळ त्यांच्या स्वभावांत नव्हतें. एकनाथांनीं कोणते पाठ पाहिले, कोणते सोडले, याची यादी आपल्यापर्यंत पोंचलेली नाहीं. निकाल आहे, पण कैफियती नाहींत.

कैफियती जपण्याची हीच गोष्ट संगणकाच्या क्षेत्रांत 'गिट' या व्यवस्थेनें पक्की केली. लिनक्स हा जगभरच्या लेखकांनीं मिळून लिहिलेला मोठा प्रोग्राम. त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स हे 'बिटकीपर' नांवाची एका कंपनीची व्यवस्था वापरीत असत. ती फुकट वापरण्याची सवलत २००५ सालीं बंद झाली, तेव्हां टोरवाल्ड्स यांनीं त्याच वर्षाच्या एप्रिलांत स्वतःच गिट लिहावयास घेतलें. त्यांत प्रत्येक लेखकाजवळ सर्व इतिहासासह संपूर्ण ग्रंथ असतो, आणि दोन प्रतींचा मेळ घातला कीं नव्या प्रतीच्या नोंदींत तिच्या दोन्ही जनकांचीं नांवें राहतात. मेळ चुकला असें वर्षानें कळलें तरी मागें जाऊन दोन्ही बाजू पूर्ववत् पाहतां येतात. वैद्यांची प्रत आणि भटजींचें बाड यांचा संबंध छापील पुस्तकावरच असा नोंदलेला असता, तर वाचकांना साठ वर्षें अंधारांत राहावें लागलें नसतें.

विरोध सोडविण्याचा जाणत्या लेखकांचा क्रम ठरलेला आहे. प्रथम मूळ ओळ पाहावयाची. गिट आपण होऊन फक्त दोन बदललेले पाठ दाखवितें. मधला मूळ पाठही दाखवावा अशी सूचना त्याला द्यावी लागते, आणि ती न देणें हा आळस होय. मग बदल कोणीं व कशासाठीं केला याची नोंद वाचावयाची. नोंदींत 'किरकोळ दुरुस्ती' एवढेंच लिहिलें असेल तर त्या लेखकालाच विचारावयाचें. गोंधळ वाटला तर मेळ सोडून पूर्वस्थितीवर यावयाचें. त्यांत कमीपणा नाहीं. दोन्ही हेतु साधतील असा पाठ सिद्ध झाल्यावर यंत्राचीं चिन्हें पुसून सबंध प्रोग्राम चालवून पाहावयाचा. मेळ रोजच्या रोज घातला तर विरोध चार ओळींचा असतो. सहा महिने थांबलें तर चाळीस प्रकरणांचा होतो.

सबंध प्रोग्राम चालवून कां पाहावयाचा, याचें उत्तर पुन्हां त्या लग्नाच्या यादींत आहे. पेणच्या मुलानें पहिल्या ओळींतील सकाळचा मुहूर्त बदलून गोरज मुहूर्त लिहिला. रोह्याच्या मुलानें शेवटच्या पानावर 'पाहुण्यांनीं सकाळीं सहाच्या एस्टीनें निघावें' अशी नवी ओळ घातली. दोन्ही बदल निरनिराळ्या ठिकाणीं, म्हणून यंत्राला विरोध दिसत नाहीं. दोन्ही निमूटपणें एकत्र होतात. मंडळी मात्र दिवसभर मांडवांत बसून राहतात. सात बाणांचा विरोध माणसाला निदान जागा तरी करतो. हा करीत नाहीं. म्हणून अनुभवी लेखक यंत्रानें विनातक्रार घातलेला मेळही एकदां वाचून पाहतात.

एकाच विरोधाचा पुनःपुन्हां निवाडा करावा लागूं नये म्हणून गिटांत एक सोय आहे. माणसानें एकदां दिलेला निर्णय तें लक्षांत ठेवितें, आणि तोच विरोध तसाच पुन्हां उपस्थित झाला तर तोच निर्णय त्या जागीं लिहून दाखवितें. मात्र मुद्दाम तशी आज्ञा दिलेली नसेल तर तेवढ्यानें तें प्रकरण मिटलें असें तें मानीत नाहीं. कोणी तरी तो पाठ वाचून मान्य करीपर्यंत तें प्रकरण दप्तरांत अनिर्णीतच राहतें.